गो, नो-गो

भोसरी एमआयडीसी, टी ब्लॉक, तिसरी शेड.
माझ्या टेबलावर दिवसाला सहाशे कड्या येतात,
पितळेच्या, आतून आटे पाडलेल्या,
तेलानं ओल्या.
माझं काम गेजचं.
गेजला दोन टोकं. गो आत गेलं पाहिजे,
नो-गो अडलं पाहिजे.
दोन्ही गेली तर कडी सैल, दोन्ही अडली तर घट्ट,
कशीही चुकली तरी लाल ट्रेमध्ये.
अकरा वर्षं माझ्या हाताला एवढाच कायदा ठाऊक.

कडी कशात बसते हे ड्रॉइंगवर नाही.
नंबर आहे, आणि कोपऱ्यात
खोडलेल्या नावाचा पांढरा चौकोन.
खोक्यावर लेबल मीच लावते.
त्यावर बंदर त्या देशाचं,
ज्याला बातम्यांत कायम मित्रदेश म्हणतात,
अडीअडचणीला धावून आलेला.

परवा चहाच्या सुट्टीत गव्हाणे शेठनी सगळ्यांना उभं केलं.
दिल्लीत कुणी खासदार, धड इकडचा नाही धड तिकडचा,
त्यानं विधेयक आणलंय:
मित्रदेशाच्या फौजांनी सीमेपलीकडे जे चालवलंय
ते थांबेपर्यंत त्यांना इथून
खिळासुद्धा जायचा नाही.
"घरचा आहेर म्हणतात तो हाच," शेठ म्हणाले,
"चौतीस चुली आहेत या शेडवर."
मग पत्र फिरलं, सह्यांसाठी.

विधेयकाची प्रतही होती, शेवटी अनुसूची.
मला वाचायची नव्हती.
पण आकड्यांवर डोळा आपोआप जातो.
अनुसूची दोन, ओळ एकोणीस,
आठ आकडे.
रोज खोक्यावर चिकटवते तेच.
शाळेत हजेरीला आपलं नाव आलं की
तोंड आधीच उघडतं ना,
तसं झालं.

पॅकिंगला नझमा शिकलगार आहे. ती म्हणाली,
आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या धार लावायचं काम.
आजोबा चाक घेऊन वडगाव मावळच्या बाजूला फिरायचे.
विळी, कात्री, कधी कुणाची तलवार.
मान कुणाची, हे विचारलं असतं
तर धंदा बसला असता.
टेपचं टोक नखानं शोधत ती जरा थांबली.
एकदा मात्र एकाचा सुरा त्यांनी
तसाच परत दिला. बोथट.
का, ते कधी सांगितलं नाही.

रात्री मोबाईलवर त्या पलीकडच्या गावातलं काही आलं.
एक मुलगा ढिगाऱ्यातून नळाची तोटी उपसत होता.
निघाली, तशी फिरवून बघितली,
पाणी येतं का.
तोटी पितळेची.
आटे मला एवढ्याशा स्क्रीनवरही दिसले.
शाबूत होते.

सही मी केली. खालून तिसरी.
खोटं कशाला सांगू.
पोराच्या डिप्लोमाची फी, दिघीच्या खोलीचं भाडं,
आणि मागच्या बाईला पेन हवं होतं.

शुक्रवारी दुपारी ते विधेयक पुकारलं.
बाकं बहुतेक रिकामी.
खासदार म्हणाला म्हणे, मित्राच्या ताटात जेवलो
म्हणून त्याचा उगारलेला हात धरायचाच नाही का?
मंत्र्यांनी सांगितलं, भावना पोचल्या.
विधेयक मागे घेतलं. पेपरात चार ओळी,
गुरुवारच्या पाणीकपातीच्या खाली.
शेठनी सगळ्यांना पॅटीस आणले.
गरम होते. मी दोन खाल्ले.

सोमवारी पुन्हा सहाशे.
चारशे बाराव्या कडीत गो गेलं,
नो-गो अडलं.
मापात केसाचीही खोट नाही.
ती हातात धरून मी बसले.
नझमानं टेप ओढता ओढता बघितलं,
काही बोलली नाही.

लाल ट्रेमध्ये टाकली.

रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना असतो.
तो अजून कोरा आहे.
शिफ्ट सुटायला वीस मिनिटं.